दोघांनी प्रत्यक्ष पाहिलेला मजकूर

स्कॉटलंडच्या कायद्याचा एकट्यादुकट्यावर भरवसा नाही. एकाने छातीठोकपणे सांगितलं, रडून सांगितलं, तरी दुसऱ्या कुणाचा किंवा कशाचा तरी दुजोरा मिळेपर्यंत कोर्ट त्यावर विसंबत नाही. खून असो की कुंपणावरून झालेली मारामारी, जे सिद्ध करायचं ते दोन बाजूंनी सिद्ध करायचं. आता हे शहाणपणाचं की अडाणीपणाचं, यावर तिथे शेकडो वर्षं वाद चालू आहे आणि तो मिटायची कुणाला घाई दिसत नाही.

इशबेल गेडिस ज्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं नोकरी करत होती, तिथेही त्यामुळे सगळं काम जोडीने चाले. आरोपींचे फोन आणि लॅपटॉप तिथे तपासायला येत. एकाने तपासायचं, दुसऱ्याने त्यातलं महत्त्वाचं तेवढं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, आणि अहवालाखाली दोघांनी सह्या करायच्या. गेली नऊ वर्षं इशबेलची जोडी सँडी क्रुकशँकबरोबर. सँडी तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, पेपरमिंटच्या गोळ्या चघळणारा, दोन बोटांनी टाइप करणारा. "इतक्या कागदांवर तर माझ्या नि बायकोच्या सह्याही शेजारी नाहीत," असं तो दर महिन्याला एकदा म्हणायचा आणि दर वेळी पहिल्यांदाच म्हटल्यासारखा हसायचा.

मागच्या ऑक्टोबरात सँडी गेला. बागेत बटाटे काढता काढता दम लागला म्हणून बादलीवर टेकला, तो उठलाच नाही. आणि मे महिन्यात इशबेलला शेरिफ कोर्टाचं समन्स आलं. खटला होता ग्रेगर स्ट्रॅकन नावाच्या सुताराचा. तो रोना ड्युथी या आपल्या जुन्या जोडीदारणीला धमक्या देत होता, असा आरोप. अहवाल चौदा महिन्यांपूर्वीचा. पहिली सही सँडीची, दुसरी इशबेलची.

तिने फाईल मागवली. चहाचा मग शेजारी ठेवून आरामात वाचायला बसली. आपलाच अहवाल वाचायला कसली भीती? तिसऱ्या पानावर आली आणि तिचा चहा तसाच राहिला.

त्या पानावर लिहिलं होतं: "दि. १४ मार्च रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सदर फोनच्या पडद्यावरील खालील मजकूर आम्ही दोघांनी प्रत्यक्ष पाहिला." आणि खाली तो मजकूर: "कुलूप नवीन लावलंस. खिडकीचं काय करणार?"

इशबेलला हे पाहिल्याचं आठवेना.

तसं म्हणावं तर आठवतही होतं. प्रकरण तर तिला लख्ख आठवत होतं. ग्रेगरने वापरलेल्या ॲपमधले निरोप चोवीस तासांत दोन्हीकडून आपोआप पुसले जायचे. रोनाने निरोप वाचला आणि घाबरून फोनच भिंतीवर आपटला, त्याचा पडदाच गेला; मग सावरून ठाण्यात गेली. पोलिसांनी ग्रेगरला त्याच्या व्हॅनमध्ये, फोन हातात असतानाच गाठलं. फोनला कुलूप लागू नये म्हणून एक कॉन्स्टेबल अख्खा रस्ताभर त्याच्या पडद्यावर बोटाने टकटक करत बसला होता; आतले निरोप उघडायची त्याला परवानगी नव्हती. प्रयोगशाळेत फोन पोचला तेव्हा तो निरोप पुसला जायला दहा-बारा मिनिटं उरली होती आणि फोनची नक्कल करून घ्यायला लागतात दोन तास. अशा वेळी एकच उपाय. स्टँडवरच्या कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो घ्यायचा आणि दोघांनी तो मजकूर डोळ्यांनी वाचून ठेवायचा.

फोटो फाईलमध्ये होता. पण कामाचा नव्हता, आणि ते कळेपर्यंत निरोप पुसला गेला होता. मार्चमधलं उतरतं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून नेमकं काचेवर पडलं होतं. फोटोत फोनची कड दिसत होती, सँडीचा अंगठा दिसत होता, आणि मधे नुसता पांढरा झगझगाट.

म्हणजे त्या निरोपाचे साक्षीदार म्हणजे चार डोळे. त्यातले दोन मिटले होते.

इशबेल डोळे मिटून बसली. आठवण काढायचा प्रयत्न करू लागली. सँडीची हाक: "इशबेल, ये गं जरा!" ही आठवली. पण ही हाक तो दिवसातून चार वेळा मारायचा. पेन सापडत नसलं तरी मारायचा. मग त्याचा खांदा आठवला, लोकरी स्वेटर, पेपरमिंटचा वास. खांद्यावरून वाकून तिने पाहिलं होतं, पडद्यावर अक्षरं होती, आणि खिडकीवर पाऊस वाजत होता.

पाऊस?

तिने फोटो पुन्हा हातात घेतला. त्यात चक्क ऊन होतं. म्हणजे ही आठवण दुसऱ्याच कुठल्या फोनची. पण या किनाऱ्यावर दहा मिनिटांत पाऊस आणि ऊन दोन्ही होतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे याचीही असू शकेल. बरं, तो मजकूर तर तिला तोंडपाठ होता. पण तो पाठ असायला पडदा पाहायलाच हवा असं कुठे होतं? सँडीच्या दोन बोटांना कंटाळून सगळे अहवाल तीच टाइप करायची. हे वाक्यही तिनेच टाइप केलं होतं. डोळ्यांतून आलं की बोटांतून आलं, कसं कळणार?

कामाच्या नोंदपत्रात "दुसऱ्याने पाहिले" या रकान्यात तिची आद्याक्षरं होती, तिच्याच हातची. ती कधी घातली, त्या क्षणी की संध्याकाळी सगळ्या रकान्यांत एकदम, हे मात्र कागद सांगत नव्हता. एकदम घालायची सवय दोघांनाही होती. वाईट सवय. पण नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

ती मुर्डो ओगिल्व्हीकडे गेली. मुर्डो प्रयोगशाळेचा प्रमुख. गोंधळ त्याला मुळीच खपत नसे, म्हणून तो गोंधळाकडे बघतच नसे.

"सही तुझी?" त्याने विचारलं.

"माझी."

"आद्याक्षरं?"

"माझीच."

"मग पाहिलंस. संपलं. जा, जेव."

"पण मुर्डो, मला आठवत नाहीये."

"चौदा महिन्यांपूर्वी मंगळवारी दुपारी चारला तू काय करत होतीस हे तुला आठवत नाही. बरं मग? मी काल काय जेवलो ते मला आठवत नाही. म्हणून तर अहवाल लिहितात गं बाई! माणूस विसरतो, कागद विसरत नाही. कोर्टात उभं राहायचं, कागद वाचायचा, खाली यायचं."

"कागद मीच टाइप केलाय."

"मग तर सोन्याहून पिवळं."

त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. अकरा वर्षं ती हेच करत आली होती. कुठल्याच साक्षीत तिला त्या दिवसाचं काही आठवलेलं नव्हतं आणि कधी त्याचं काही वाटलंही नव्हतं. मग याच वेळी का टोचावं? त्या मजकुरामुळे असेल. "खिडकीचं काय करणार?" हे वाचल्यापासून ती स्वतःच्या घरच्या खिडक्या दोनदा तपासून झोपत होती. असं वाक्य खरोखर पडद्यावर पाहिलं असतं, तर ते असं विसरलं असतं का? की तेव्हा ते कामाच्या रगाड्यातलं आणखी एक वाक्य होतं?

जागेवर येऊन तिने एक भलतंच काम केलं. आपले जुने अहवाल काढले आणि एकेक चाळू लागली. "आम्ही दोघांनी प्रत्यक्ष पाहिला." "आम्ही दोघांनी प्रत्यक्ष पाहिली." प्रत्येकात तेच. असणारच, कोऱ्या नमुन्यात ते वाक्य आधीपासून छापलेलं होतं, फक्त तारीख आणि मजकूर भरायचा. कुणी लिहिलं होतं ते, कधी, कुणास ठाऊक. ती नोकरीला लागली त्याच्या आधीपासून ते तिथे होतं. मग एका अहवालाची तारीख पाहून ती थबकली. जुलैचा दुसरा आठवडा. त्या आठवड्यात ती ऑर्कनी बेटांवर होती, बहिणीकडे, मेंढ्यांच्या प्रदर्शनात. आणि अहवालात ती सँडीच्या शेजारी उभी राहून कुणाचा तरी लॅपटॉप प्रत्यक्ष पाहत होती.

सोमवारी परत येऊन पाहिला असेल, आणि सही केली असेल. बहुतेक तसंच झालं असेल. पण "बहुतेक" हा शब्द अहवालात कुठेच नव्हता.

रविवारी ती सँडीच्या बायकोकडे गेली. नेटा क्रुकशँक, सत्तरीची, कमरेत जरा वाकलेली, जिभेने अजून ताठ. तिने इशबेलला बसवलं, समोर ओटमीलची बिस्किटं ठेवली आणि ऐकून घेतलं.

"त्याच्या डायऱ्या आहेत गं," नेटा म्हणाली. "खिशातल्या, छोट्या. लिहायचा काहीबाही. मी टाकणार होते, पण टाकवेना. थांब."

चपलांच्या खोक्यात सगळ्या डायऱ्या वर्षांप्रमाणे लावलेल्या होत्या. मागच्या वर्षाची काढून इशबेलने मार्चचं पान उघडलं.  सँडीचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर: "१४. गार. दुपारी ऊन. जेवणाला खिमा-बटाटे, मीठ कमी. ४.१० स्ट्रॅकनचा फोन. इशबेलला हाक मारली. फोटो गेला वाया. घरी ६."

"सापडलं?" नेटाने विचारलं.

"'इशबेलला हाक मारली' असं लिहिलंय."

"मग झालं की!"

"मी आले असं नाही लिहिलं."

नेटाने चष्मा लावून पान स्वतः वाचलं. बराच वेळ तिच्या ओठांची हालचाल होत राहिली. मग तिने डायरी मांडीवर ठेवली.

"हाक मारण्याचं म्हणशील तर," ती म्हणाली, "मला तो आंघोळीच्या टबातूनसुद्धा हाका मारायचा. साबण दे, टॉवेल दे, हे काय म्हणतायत रेडिओवर ते ऐक. त्याने डायरीत लिहिलं असतं, 'नेटाला हाक मारली.' याचा अर्थ मी गेले असा नाही हं. बऱ्याचदा नाहीच गेले."

दोघी हसल्या. नेटाचं हसू आधी थांबलं.

"मीठ कमी म्हणे," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत तोंडाने बोलला नाही मेला."

"सँडी खोटं लिहील का हो, नेटा?"

"खोटं? छे. पण आळशी होता. उठायचा कंटाळा. तू आली नसतीस तर तो तुला बोलवायला उठला नसता, एवढं मी लिहून देते." मग तिचा आवाज उतरला. "तू कोर्टात काही म्हण पोरी. पण त्याला खोटारडा म्हणू नकोस. त्याला उत्तर देता यायचं नाही."

इशबेल परत निघाली ती आली होती त्याहून जास्त गोंधळलेली. हाक मारली हे नक्की. हाक मारली की ती जायची, हेही खरं. बहुतेक वेळा जायची. हातात काम असलं तर "आले, आले" म्हणून बसूनही राहायची. त्या दिवशी हातात काय होतं? तिने त्या तारखेची आपली नोंदवही काढून पाहिली. चार वाजता ती दुसऱ्या एका प्रकरणाबद्दल फोनवर बोलत होती. किती वेळ, ते लिहिलं नव्हतं.

खटल्याच्या दिवशी समुद्रावरून दाट धुकं आलं होतं आणि कोर्टाच्या पायऱ्या ओल्या झाल्या होत्या. सरकारी वकील कॅट्रिन लॅमॉन्ट तिला कॉरिडॉरमध्येच भेटली. बगलेत सहा फायली, हातात अर्धं खाल्लेलं सँडविच.

"बरं झालं भेटलात," कॅट्रिन म्हणाली. "पाच मिनिटांचं काम आहे. रोनाची साक्ष झाली, छान झाली. पण ती एकटी. तिच्या फोनमधला निरोपही पुसला गेलाय. दुजोरा फक्त तुमच्या अहवालाचा. क्रुकशँक हयात नाहीत, म्हणून बेथुन तुमच्यावर घसरणार. बेथुन म्हणजे स्ट्रॅकनचा वकील. गोड बोलतो, सांभाळा."

"मिस लॅमॉन्ट, मला एक सांगायचंय."

"लवकर सांगा."

"मी तो मजकूर पाहिला की नाही, मला खात्री नाही."

कॅट्रिनने घास गिळला. "अहवालात लिहिलंय."

"ते वाक्य सगळ्याच अहवालांत असतं."

"हे मी ऐकलं नाही," कॅट्रिन हळूच म्हणाली, मग लगेच, "नाही, ऐकलं. आता मला ते बेथुनलाही सांगावं लागेल. देवा!" तिने सँडविच गुंडाळून फाईलवर ठेवलं. "नीट ऐका. 'नाही पाहिलं' असं म्हणताय का तुम्ही?"

"नाही."

"'पाहिलं' म्हणताय?"

"तेही नाही."

"बाई, मग तुम्ही म्हणताय तरी काय? ते वाक्य पडलं की अहवाल पडला. एक वाक्य खोटं निघालं तर उरलेल्यांवर शेरिफबाईंनी का विश्वास ठेवावा? आणि अहवाल पडला की रोना एकटी राहिली. तो माणूस आज संध्याकाळी सुटून तिच्याच गल्लीत राहायला जाणार आहे. चार घरं सोडून." ती थांबली. "मी तुम्हाला काय म्हणा ते सांगत नाहीये. मला ते सांगता येत नाही. फक्त काय होईल ते सांगतेय."

शिपायाने नाव पुकारलं.

शेरिफ म्हणजे तिथले न्यायाधीश. या शेरिफबाई बुटक्या, चष्मा नाकावर घसरलेला. इशबेल पिंजऱ्यात उभी राहिल्यावर त्या स्वतः उठल्या, उजवा हात वर केला आणि शपथ एकेक तुकडा करून सांगू लागल्या. इशबेल हात वर करून मागोमाग म्हणत गेली. पूर्ण सत्य आणि सत्याखेरीज काही नाही, इथपर्यंत येताना तिला एकदम वाटलं, पूर्ण सत्य माझ्याकडे असतं तर किती बरं झालं असतं.

समोर ग्रेगर स्ट्रॅकन बसला होता. इस्त्रीचा शर्ट, कापलेले केस. तो तिच्याकडे पाहत नव्हता, नखं पाहत होता. मागच्या बाकावर एक बाई पर्स पोटाशी धरून बसली होती. हीच रोना असणार. ती मात्र इशबेलकडे एकटक पाहत होती, आणि इतक्या आशेने की इशबेलने नजर वळवली.

"ही दुसरी सही कोणाची?" कॅट्रिनने विचारलं.

"माझी."

"या रकान्यातली आद्याक्षरं?"

"माझी."

"पान तीन. हा मजकूर. चौदा मार्चला चार वाजून दहा मिनिटांनी तुम्ही तो पडद्यावर पाहिलात का?"

हो म्हणायला एक शब्द लागत होता. मुर्डो हो म्हणाला असता. सँडी असता तर तोही हो म्हणाला असता, पेपरमिंट गालात सरकवून. आणि ते खरंही असू शकलं असतं. हीच तर पंचाईत होती. ते खोटं असतं तर इशबेलला नाही म्हणायला काही जड गेलं नसतं.

"अहवालात तसं लिहिलंय," ती म्हणाली.

"तुम्ही पाहिलात का?"

"मला माहीत नाही."

कोर्टात खोकणारा एक माणूस खोकायचा थांबला. शेरिफबाईंनी चष्मा वर सरकवला.

"माहीत नाही म्हणजे? पाहिला नाही?"

"तसं नाही, माय लेडी."

"मग पाहिला असावा?"

"असावा."

"की नसावा?"

"तेही होऊ शकतं."

"गेडिसबाई," शेरिफबाईंनी पेन खाली ठेवलं, "तुम्ही इथे तज्ज्ञ म्हणून आला आहात."

"हो, माय लेडी. म्हणूनच नीट सांगतेय. मला हाक मारली होती हे मला ठाऊक आहे. मी गेले असेन. बहुतेक गेले. पण जी आठवण माझ्या डोक्यात आहे ती त्याच दिवसाची आहे असं मी शपथेवर सांगू शकत नाही. मजकूर मला पाठ आहे, कारण मी तो टाइप केलाय."

"मग 'आम्ही दोघांनी प्रत्यक्ष पाहिला' यावर सही का केलीत?"

"ते वाक्य आमच्या कोऱ्या नमुन्यात आधीपासून असतं."

हे बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. नऊ वर्षांचे सगळे अहवाल तिच्या डोळ्यांसमोर फळीवरून घसरल्यासारखे खाली आले. लेखनिकाची बोटंही कळफलकावर थांबली होती. कॅट्रिन हळूच खाली बसली.

"क्रुकशँक खोटं लिहिणारे नव्हते," इशबेल घाईने म्हणाली. हे कुणी विचारलं नव्हतं.

बेथुन उठला. उंच, चांदीसारखे केस. त्याच्या हातात प्रश्नांची दोन पानं होती. त्याने पहिलं पान वरपासून खालपर्यंत वाचलं, दुसरं वाचलं, दोन्ही दुमडून खिशात घातली आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "माझ्याकडे विचारण्यासारखं काही उरलेलं नाही, माय लेडी."

इशबेल जाऊन मागे बसली. जायला मोकळी होती, पण गेली नाही. जेवणानंतर शेरिफबाईंनी निकाल दिला. तिथल्या कायद्यात दोषी आणि निर्दोष यांच्या मधे आणखी एक निकाल असतो: सिद्ध झालं नाही. म्हणजे तू केलं नाहीस असंही नाही, केलंस असंही नाही; जा घरी. शेरिफबाई म्हणाल्या, रोना ड्युथी यांच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे, पण कायद्याला ते पुरत नाही. ग्रेगरच्या बहिणीने टाळी वाजवली. शिपाई तिच्यावर खेकसला.

इशबेल बाहेर आली तेव्हा तिला कुठे जायचं तेच सुचत नव्हतं. प्रयोगशाळेत मुर्डो वाट पाहत असेल; त्याला एव्हाना कुणीतरी कळवलं असणार. धुकं पातळ झालं होतं. पायऱ्या उतरून ती बंदराच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. आपण बरोबर केलं असं तिला वाटायला हवं होतं. तसं मुळीच वाटत नव्हतं. चूक केली असंही वाटत नव्हतं. नुसतं डोकं बधिर झालं होतं.

"तुम्हीच ना त्या?"

रोना ड्युथी मागे उभी होती. पर्स अजून पोटाशीच. कोर्टात वाटली होती त्यापेक्षा ती वयाने लहान होती.

"मी," इशबेल म्हणाली. "मला फार वाईट वाटतं. खरंच."

"मी भांडायला नाही आले." रोनाने मान हलवली. "मला समजलं तुम्ही काय म्हणालात ते. म्हणजे सगळं नाही समजलं, पण खोटं बोलायचं नव्हतं तुम्हाला, एवढं समजलं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते हो, मला कायदा कळत नाही. मला दुसरंच विचारायचंय."

"विचारा."

"माझी बहीण म्हणते, तुला भास झाला असेल. तू तेव्हा झोपेच्या गोळ्या घेत होतीस. पोलीस म्हणतात, फोनमध्ये आता काही नाही. माझा पडदा दुरुस्त होईपर्यंत पुसलं गेलं ते. चौदा महिने झाले. पहिल्यांदा मी छाती ठोकून सांगायचे. आताशा कधीकधी भांडी घासताना वाटतं, मी वाचलं तरी होतं का ते? की माझ्याच डोक्याने रचलं? वेड लागायची पाळी आली हो." तिचे डोळे भरून आले, पण आवाज तसाच राहिला. "इथे शपथ नाही. वकील नाहीत. मी कुणाला सांगणार नाही. फक्त मला सांगा. ते होतं ना तिथे?"

"होतं," इशबेल म्हणाली.

"तुम्ही पाहिलंत?"

"हो. पाहिलं मी."

शब्द तोंडातून गेले आणि त्याबरोबर सगळं समोर उभं राहिलं. पडदा, त्यावरची अक्षरं, सँडीचा अंगठा, काचेवर चकाकणारं ऊन. पाऊस कुठेच नव्हता. इतकं स्वच्छ की हात लावावा. हे आत्ता आठवलं, की समोरच्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी पाहून आत्ता तयार झालं, हे इशबेलला कळेना, आणि जन्मभर कळणार नव्हतं.

रोनाने लांब श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा आले असावेत. "मला वेड नाही लागलेलं," ती स्वतःशीच म्हणाली. "होतं ते. मी एकटीच नव्हते." तिने पर्समधून रुमाल काढून नाक पुसलं, इशबेलचा हात धरला, दाबला.

मग तिची पकड सैल झाली. कोर्टाच्या दारातून ग्रेगर बहिणीबरोबर बाहेर येत होता. पायरीवर थांबून त्याने सिगारेट पेटवली, इकडे पाहिलं, आणि सावकाश घराच्या रस्त्याला लागला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत रोना त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने इशबेलकडे पाहिलं.

"मग आत का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

 रोना वाट पाहत उभी राहिली.